खोकं येण्याआधी ऊब तयार हवी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न इंदूर आणि आसपासच्या वाचकांचे आहेत आणि जवळजवळ सगळे एकाच गोष्टीभोवती फिरतात: मागवलेली एक दिवसाची पिल्लं घरी आली, आता पुढे काय? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: झाबुआकडून कडकनाथची ५० पिल्लं मागवली आहेत. डिसेंबरमध्ये पहाटेच्या बसने खोकं गंगवाल बसस्टँडवर येईल. घरामागे पत्र्याची १० बाय ८ फुटांची खोली रिकामी आहे. तयारी काय करावी आणि कधीपासून? (सुदामा नगर)

उत्तर: आदल्या दिवशी सकाळीच बल्ब लागलेला हवा. बाकी काही राहिलं तरी सावरता येतं, हे राहिलं तर सावरत नाही. एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. आपल्या शरीराची उष्णता आपण राखणं त्याला अजून जमत नाही, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर जेवढी ऊब बाहेरून मिळेल तेवढीच त्याची. माळव्यात डिसेंबरची रात्र १० अंशांच्या खाली सहज जाते आणि पत्र्याची खोली उघड्या अंगणापेक्षा फार उबदार नसते. फरशी आणि तूस तापायलाच कित्येक तास लागतात. वरची हवा गरम आणि खालची गादी गार असली की पिल्लाच्या पायातून ऊब निघून जाते. म्हणून २४ तास आधी बल्ब.

आधी खोली धुऊन, चुना मारून, पूर्ण वाळू द्या. ओलसर खोलीत घाईने तूस पसरू नका. ५० पिल्लांना ५ फूट व्यासाचं गोल कडं पुरतं. त्यासाठी दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा लागतो, लांबी सुमारे १६ फूट, शिवाय टोकं एकमेकांवर चढवायला थोडी जादा. कडं गोलच हवं. पिल्लं घाबरली किंवा गारठली की भिंतीकडे पळतात, कोपरा मिळाला की एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

गादीला भाताचं तूस सर्वांत चांगलं, हिवाळ्यात ३ इंचांचा थर. या कड्याला साधारण एक मोठं पोतं, १५ किलोच्या आसपास लागेल. लाकडाची साल-कात्रण चालते, पण वखारीतला बारीक भुसा नको. पिल्लं तो दाणा समजून खातात आणि पोट गच्च होतं. तूस हातात घेऊन वास घ्या. कुबट वास आला, बुरशीचे पांढरे-हिरवे ठिपके दिसले, तर ते पोतं फुकट मिळालं असलं तरी वापरू नका. ती बुरशी फुप्फुसात जाते, पिल्लं चोच उघडून धापा टाकतात, घशातून आवाजही येत नाही, आणि त्यावर उपयोगी पडेल असं औषध नाही.

तुसावर पहिले तीन दिवस कागद हवा, नाहीतर पिल्लं दाण्याऐवजी तूसच खातात. मात्र गुळगुळीत वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरतात आणि दोन दिवसांत पिल्लू पाय फाकवून बसतं. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून काढला की आतली लाटांची बाजू मिळते. ती वर करून अंथरा. गोणपाट टाळा, त्याच्या धाग्यांत बोटं अडकतात.

बल्बचा जुना हिशेब पिल्लामागे २ वॅट असा आहे. पत्र्याची खोली आणि डिसेंबर धरून तुम्ही १०० वॅटचे दोन पिवळे, तापणारे बल्ब लावा. दोन अशासाठी की रात्री दोन वाजता एक उडाला तर दुसरा असतो. पत्र्याची टोपी घालून गादीपासून दीड फुटावर टांगा. टांगताना साखळी किंवा जाड तार वापरा, बल्बचा भार विजेच्या वायरवर नको. वायर सुटून बल्ब तुसात पडला की आग लागायला पाच मिनिटं पुरतात. रात्री घर झोपलेलं असतं, म्हणून हे काम दिवसा आणि नीट करा.

थर्मामीटर भिंतीवर टांगू नका. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, गादीपासून दोन इंचांवर, बल्बच्या उजेडाच्या कडेला ठेवा. तिथे ३५ अंश सेल्सिअस दिसायला हवेत. पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी करत जा, म्हणजे बल्ब दोन-तीन इंच वर घ्या. अंगावर पूर्ण पिसं येईपर्यंत, हिवाळ्यात साधारण पाच-सहा आठवडे, रात्रीची ऊब काढू नका.

वीज गेली तर? कोळशाची सिगडी बंद खोलीत ठेवू नका. तिचा धूर दिसला नाही तरी विषारी वायू साचतो, पिल्लं झोपल्यासारखी मरतात आणि राखणाऱ्या माणसालाही धोका असतो. दोन मडकी किंवा झाकणाचे स्टीलचे डबे कडक पाण्याने भरून, फडक्यात गुंडाळून कड्यात मधोमध ठेवा. वरून दोन तृतीयांश भाग घोंगडीने झाका, एक बाजू हवेसाठी उघडी ठेवा. पाणी दोन-तीन तासांनी बदलायला लागतं.

प्रश्न: खोकं घरी आलं की आधी पाणी द्यायचं की दाणा? गुळाचं पाणी किती आणि किती दिवस? आमच्याकडे मागच्या वेळी तीन दिवस दिलं, तरी पिल्लं चिकट झाली. (लोकमान्य नगर, आणि राऊहून आणखी एक)

उत्तर: ‘तरी’ चिकट झाली नाहीत, तीन दिवस दिल्यामुळेच झाली.

अंड्यातून बाहेर येण्याच्या एक-दोन दिवस आधी उरलेला पिवळा बलक बेंबीतून पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्यावर पिल्लू दोन-तीन दिवस अन्नपाण्याविना जगू शकतं. याच जोरावर अमेरिकेत १९१८ पासून टपाल खातं एक दिवसाची पिल्लं पोहोचवतं आणि आपल्याकडे ती बसने येतात, टपावरून नाही, केबिनमधून. पण ७२ तास ही शेवटची हद्द आहे, आणि ती पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यापासून मोजायची, खोकं बसमध्ये चढल्यापासून नाही. मागवताना ‘बस किती वाजता सुटेल’ एवढंच विचारू नका, ‘पिल्लं अंड्यातून कधी बाहेर आली’ हेही विचारा. बलक भुकेला उपयोगी पडतो, तहानेला फारसा नाही. प्रवासात पिल्लू सुकतं ते पाण्याअभावी. पायाची नळी सुरकुतलेली आणि शिर उठून दिसणारी असेल तर ते सुकलेलं आहे असं समजा.

बसस्टँडवरून खोकं गाडीच्या डिकीत घालू नका. रिक्षात मांडीवर धरा, वाऱ्याच्या बाजूला शाल ओढा, पण खोक्याची भोकं बुजवू नका. पावती सही करण्याआधी झाकण उघडून मोजा. एका खोक्यात चार कप्पे आणि कप्प्यात २५ अशी भरती असते. तुमची ५० असतील तर दोन कप्पे. मेलेली असतील तर तिथेच फोटो काढा आणि लगेच कळवा, घरी गेल्यावर ते सांगण्यात अर्थ राहत नाही.

घरी आल्यावर आधी पाणी. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ५० ग्रॅम गूळ, तेही पहिले सहा ते आठ तासच. नंतर साधं कोमट पाणी, त्यात तीन दिवस इलेक्ट्रोलाइट आणि जीवनसत्त्वाची पूड पुडीवर लिहिल्याइतकी. गुळाचं पाणी जास्त वेळ राहिलं की आंबतं, विष्ठा चिकट होते, तोंडाची लव चिकटते आणि गादीला मुंग्या लागतात. टाकीचं गार पाणी डिसेंबरात थेट देऊ नका. तहानलेलं पिल्लू एकदम भरपूर पितं आणि आतून गारठतं.

प्रत्येक पिल्लू हातात घ्या आणि त्याची चोच पाण्यात टेकवा, नाकपुड्या बुडू देऊ नका. एक-दोन घोट घेऊन मान वर करतं, तेव्हा सोडा. ५० पिल्लांना अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचवणाऱ्यांची पिल्लं पाचव्या-सहाव्या दिवशी मरायला लागतात, याचं कारण पुढच्या एका उत्तरात आहे. दीड-दोन लिटरची दोन भांडी पुरतात. थाळीत गोट्या किंवा स्वच्छ खडे टाका म्हणजे पिल्लू आत पडून भिजणार नाही. भांडं बल्बच्या अगदी खाली ठेवू नका.

पाणी पिऊन तास-दीड तास झाला की दाणा. पहिल्या दिवशी मक्याची बारीक भरड कागदावर आणि सपाट ताटल्यांत पसरा, संध्याकाळपासून त्यात चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचा तयार दाणा, मिसळत जा. थोडं थोडं, दर तीन-चार तासांनी. ताज्या दाण्याचा कागदावर पडण्याचा आवाज ऐकून पिल्लं धावत येतात.

रात्री झोपण्याआधी दहा-बारा पिल्लं उचलून गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने चाचपा. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी मऊ आणि भरलेली लागली तर दाणा आणि पाणी दोन्ही गेलं आहे. टणक लागली तर दाणा खाल्लाय, पाणी प्यायलेलं नाही. काहीच लागलं नाही तर त्या पिल्लाची चोच पुन्हा पाण्यात टेकवा. त्याच वेळी त्याचे पाय आपल्या गालाला लावून बघा. गार लागले तर बल्ब खाली घ्या, थर्मामीटर काहीही सांगत असो.

प्रश्न: थर्मामीटर बरोबर ३४–३५ दाखवतो, तरी पिल्लं एका बाजूला गोळा होऊन ओरडतात. दोन रात्रींत नऊ दगावली. १५ वॅटचे चार एलईडी बल्ब लावले आहेत, उजेड भरपूर आहे. (महू)

उत्तर: एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. त्याचं कौतुकच त्यासाठी आहे. चार मिळून ६० वॅट, आणि त्यातून पिल्लांपर्यंत पोहोचणारी उष्णता नगण्य. तुमचं थर्मामीटर बहुधा बल्बला लागून किंवा उन्हाच्या भिंतीवर आहे, रात्री दोनचा आकडा कोणी पाहिलेला नाही. आजच पिवळे तापणारे बल्ब किंवा २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड दिवा आणा. इन्फ्रारेड जास्त तापतो, तो दोन फुटांच्या खाली आणू नका.

पिल्लं कशी बसली आहेत तेच खरं मोजमाप. बल्बखाली दाटीवाटीने आणि सतत चढ्या आवाजात ओरडत असतील तर ऊब कमी. कड्याला टेकून, पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून बसली असतील तर ऊब जास्त. सगळी एकाच बाजूला, बल्बपासून तिरकी सरकलेली असतील तर समोरच्या बाजूने वाऱ्याचा झोत येतो आहे; तुमचं वर्णन याच्याशीही जुळतं. पिल्लांच्या उंचीवर अगरबत्ती धरून धूर कुठे वळतो ते बघा, दाराखालची फट सापडेल. ती बुजवा, पण वरची खिडकी प्लास्टिकने पूर्ण बंद करू नका, नाहीतर विष्ठेचा अमोनिया साचून डोळे येतात. गुडघे टेकून पिल्लांच्या पातळीवर श्वास घ्या. तुमच्या नाकाला झोंबलं तर त्यांना केव्हाच झोंबलेलं आहे. ऊब नेमकी असली की पिल्लं कड्यात सगळीकडे विखुरलेली, काही खाताना, काही पाय पसरून आडवी झोपलेली, आणि आवाज बारीक चिवचिवाटाचा असतो.

प्रश्न: शेपटीखाली घाण सुकून चिकटली आहे. ओढून काढावी का? (परदेशीपुरा)

उत्तर: ओढू नका, लव आणि कातडी सोबत निघते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस दोन-तीन मिनिटं धरा, सुटेल तेवढंच पुसा, कोरडं करा आणि खोबरेल तेलाचं बोट लावा. ओलं पिल्लू बल्बखाली वाळल्याशिवाय सोडू नका. दिवसातून दोनदा सगळी पिल्लं उलटून बघा, कारण गुदद्वार बंद झालं तर पिल्लू एक-दोन दिवसांत मरतं. कारणं बहुतेक वेळा गारठा, प्रवासातली तहान किंवा गुळाचं पाणी. एक दिवस नुसती मक्याची भरड दिली की फरक पडतो. आणि बेंबी कुठली हे आधी ओळखा: ती पोटावर, पुढे असते, तिथे काळी खपली असते. तिला हात लावू नका. घाण समजून ती ओढली की आतडं बाहेर येतं. विष्ठा चुन्यासारखी पांढरी असेल, पिल्लं मलूल होऊन भराभर मरत असतील, तर नुसतं पुसत बसू नका. तो पुलोरम हा रोग असू शकतो, तो अंड्यातूनच येतो. ताजं मेलेलं पिल्लू बर्फात घालून पशुवैद्यकांकडे न्या. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुम्हाला फार लांब नाही.

प्रश्न: ६० पैकी दोन पहिल्या दिवशी मेली, मग शांत होतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी एकदम सात मेली. हॅचरीवाले (पिल्लं उबवून विकणारे) म्हणतात चूक तुमची, आम्ही म्हणतो त्यांची. कोणाची? (सांवेर)

उत्तर: मरतूक कोणत्या दिवशी झाली यावरून बरंच कळतं. पहिल्या दिवसाची दोन प्रवासाची. पहिल्या तीन-चार दिवसांत पोट फुगलेलं, मऊ, निळसर दिसत असेल, बेंबी ओली आणि वास मारणारी असेल, तर तो बेंबीचा संसर्ग. तो बहुतेक उबवणीतल्या अस्वच्छतेतून येतो, अशी पिल्लं सहसा वाचत नाहीत, आणि इथे हॅचरीला जाब विचारणं योग्य आहे.

पण पाचव्या-सहाव्या दिवशी एकदम मेली, पोट सपाट, अंग हलकं, अन्नाची पिशवी रिकामी, तर ती उपाशी मेली आहेत. समोर दाणा असून खायला शिकलीच नाहीत, आणि पोटातला बलक संपल्यावर पडली. गारठलेलं पिल्लू ऊब सोडून दाण्याकडे जात नाही, दाण्याची भांडी अंधाऱ्या कोपऱ्यात असली तर त्याला ती दिसत नाहीत, आणि पहिल्या दिवशी चोच पाण्यात न टेकवलेली पिल्लं यात जास्त असतात. तुमच्या वर्णनावरून हेच वाटतं. दोष शोधण्यापेक्षा पुढच्या वेळी पहिल्या रात्रीची पिशवी चाचपा. पहिले दोन-तीन दिवस उजेडही रात्रभर ठेवा. नंतर रोज तासभर अंधार करा, म्हणजे पुढे वीज गेली तर घाबरून ढीग होणार नाही.

प्रश्न: घरी अंड्याच्या कोंबड्यांचा दाणा पडून आहे. तोच भरडून पिल्लांना द्यावा का? (देपालपूर)

उत्तर: नाही. त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, पिल्लाला एक टक्का लागतं. जादा कॅल्शियमने मूत्रपिंड खराब होतं आणि हृदय-यकृतावर पांढरा खडूसारखा थर साचतो. पिल्लांना २० टक्के प्रथिनांचा चिक स्टार्टर द्या. पहिल्या आठवड्यात पिल्लामागे रोज १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५० पिल्लांना अर्धा किलो. वाचवण्यासारखी रक्कम ही नाही. पोत्यावर भरल्याची तारीख बघा आणि महिन्याच्या आत संपेल तेवढाच घ्या.

प्रश्न: २० पिल्लांसाठी लस मिळते ती १०० मात्रांची. थोडी आत्ता वापरून उरलेली फ्रीजमध्ये ठेवावी का? वेळापत्रकही द्यावं. (खंडवा रोड)

उत्तर: विरघळवलेली लस तासाभरात, फार तर दोन तासांत संपवायची. तिच्यात जिवंत विषाणू असतो, तो मेला की उरतं ते पाणी. उरलेली ठेवू नका, कुपी उकळून टाका. २० पिल्लांसाठी १०० मात्रांची कुपी फोडणं उधळपट्टी नाही. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग एकदा शिरला की वीसच्या वीस जातात. शेजारपाजारी कोणाकडे पिल्लं असतील तर एकाच संध्याकाळी जमून कुपी फोडा.

मॅरेक्स या रोगाची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी द्यायची असते, बिलावर तसं लिहून घ्या. ५ ते ७ व्या दिवशी राणीखेतची लासोटा किंवा एफ-१, डोळ्यात एक थेंब. पिल्लाने पापणी मिटली आणि थेंब आत गेला की सोडायचं. १४ ते १६ व्या दिवशी गंबोरो रोगाची. २८ व्या दिवशी लासोटा पुन्हा. सहाव्या ते आठव्या आठवड्यात देवीची. राणीखेतची आर-टू-बी आठ आठवडे झाल्याशिवाय टोचू नका, त्याआधी ती पिल्लांना सोसत नाही. तुमच्या भागातल्या रोगराईप्रमाणे पशुवैद्यक यात दिवस मागेपुढे करतील, त्यांचं ऐका.

दुकानातून लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं नर्मदेचं पाणी तसंच वापरू नका, त्यातल्या क्लोरिनने लस मरते. बोरिंगचं चांगलं पाणी घ्या, त्यात आधी लिटरमागे ५ ग्रॅम सायीविना दुधाची पूड मिसळा आणि मगच लस. पिल्लांना तास-दीड तास तहानलेलं ठेवा म्हणजे दोन तासांत ते पाणी संपतं. सुस्त, शिंकणाऱ्या पिल्लांना लस देऊ नका.

प्रश्न: पिल्लं चार आठवड्यांची झाली, छान होती. आता विष्ठेत रक्त दिसतं, पंख पाडून बसतात. गादीवर भरपूर चुना टाकला, फिनाईलही शिंपडलं. (राऊ)

उत्तर: वय आणि लक्षण दोन्ही रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची. याचं बीज विष्ठेतून पडतं आणि ऊब व ओल मिळाली की दोन दिवसांत रोग लावण्याजोगं होतं. चुना किंवा फिनाईल त्याचं कवच भेदत नाही. चुन्याचा उपयोग एवढाच की तो ओल शोषतो. तुमचं पाण्याचं भांडं उचलून बघा; खालचं तूस ढेकूळ झालेलं असेल. ते काढून फेका, कोरडं घाला, भांडं विटेवर ठेवा आणि त्याची कड पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणा. गादी रोज खालीवर करा. मुठीत दाबलेलं तूस मूठ उघडल्यावर सुटायला हवं, लाडू राहता कामा नये.

औषध म्हणून अँप्रोलियमची पूड पाण्यातून देतात, मात्रा पुडीवरची आणि पशुवैद्यकांच्या सांगण्याची. त्या दिवसांत दुसरं पाणी कुठेही ठेवू नका. आणि एक चूक अनेक जण करतात: सोबत शक्तीसाठी बी-कॉम्प्लेक्स देतात. अँप्रोलियम काम करतं तेच त्या जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू न देऊन. तुम्ही वरून बी-१ ओतलंत तर औषध निकामी झालं. जीवनसत्त्वं नंतर द्या.

प्रश्न: कडकनाथ म्हणून आलेल्या पिल्लांच्या पाठीवर पट्टे आहेत, पूर्ण काळी नाहीत. फसवणूक झाली का? (विजय नगर)

उत्तर: पट्ट्यांवरून तसं म्हणता येत नाही. कडकनाथच्या एक दिवसाच्या पिल्लाची लव निळसर ते काळी आणि पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असलेली असते. मोठेपणी गडद काळा, पेन्सिल रेघांचा आणि सोनेरी असे तीन प्रकार दिसतात. लवेपेक्षा चोच, जीभ, पायाची नळी आणि लव फुंकून बाजूला केल्यावर दिसणारी कातडी बघा, ती गडद हवी. अंडी मात्र काळी नसतात, फिकट तपकिरी असतात. काळी अंडी विकणाऱ्यापासून दूर राहा. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिथल्या काळ्या मांसाला. खोक्यावर तसा शिक्का छापलेला असला तरी आतलं पिल्लू शुद्ध असल्याचा तो दाखला होत नाही.

प्रश्न: गावठी कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसली आहे. मागवलेली पिल्लं तिच्याखाली सोडली तर बल्बची कटकट वाचेल का? (देवास)

उत्तर: जमलं तर यापेक्षा चांगली ऊब नाही. पण अटी आहेत. कोंबडी निदान दोन आठवडे एका जागी बसलेली असावी. काल-परवा बसलेली कोंबडी पिल्लं मानत नाही. पिल्लं दोन दिवसांच्या आतली हवीत. तीन-चार दिवस बल्बखाली राहिलेलं पिल्लू कोंबडीखाली शिरतच नाही, तिची हाक त्याला कळत नाही. हिवाळ्यात एका कोंबडीखाली दहा-बारा, त्याहून जास्त पंखाखाली मावत नाहीत आणि बाहेर राहिलेली गारठतात.

आठवडाभर आधी कोंबडीच्या उवा काढून घ्या, नाहीतर त्या पहिल्याच रात्री पिल्लांवर चढतात. तिला आधी कधी हगवण किंवा शिंका झाल्या असतील तर हा विचार सोडा. अंधार पडल्यावर, बॅटरीचा उजेड न दाखवता, हात पंखाखाली घालून एकेक अंडं काढा आणि त्या जागी पिल्लू ठेवा. दोन आधी ठेवून थांबा. ती खालच्या आवाजात ‘कुर्र कुर्र’ करून अंग फुलवत असेल तर बाकीची सोडा. तिलाही पिल्लांचाच स्टार्टर द्या, कारण तिच्या भांड्यात पिल्लं तोंड घालणारच.

पहाटे उजाडायच्या आत जाऊन बसा. पहिल्या उजेडात पिल्लं बाहेर डोकावतात आणि तेव्हाच कोंबडी ठरवते. डोक्यावर टोचायला लागली तर सगळी लगेच उचला. त्यासाठी रात्रभर दुसऱ्या खोलीत कडं मांडून बल्ब लावून ठेवावाच लागेल.